टेम्सकाठचा वाडा आणि मुरुडचा वाडा



व्याख्यानाचा विषय 'ब्रिटिश भयपट' असा जाहीर झाला, तेव्हा एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला वाटेत गाठून विचारले, "ज्ञानेश्वरी झाली, सहकार झाला, आता भुतेच तेवढी राहिली होती काय?" प्रश्न रास्त आहे. वसंत व्याख्यानमालेत भुताखेतांच्या सिनेमावर तासभर बोलायचे, म्हणजे पंगतीला बसून चिंचेचे बुटूक मागण्यासारखे आहे. पण माझा प्रयत्न असा आहे, की शेवटी हा विषय विलायतेतून निघून आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच शेताच्या बांधावर यावा. तेथवर येण्यास मला थोडा वेळ द्या.

प्रथम हे पिशाच कोणते ते सांगतो. इंग्रजीत ज्याला व्हँपायर म्हणतात, तो मेलेला असून मेलेला नसतो. दिवसा शवपेटीत निजतो, रात्री उठून जिवंत माणसाच्या गळ्यातले रक्त पितो, आणि ज्याचे रक्त प्यावे तोही पुढे तसाच होतो. युरोपातल्या खेडवळ समजुतीत हा बहुधा एखादा साधा शेतकरीच असे. फुगलेला, तांबडालाल आणि मातीने माखलेला. त्याला उंची वस्त्रे, वाडा आणि अदब मिळाली ती एकोणिसाव्या शतकात, लेखकांच्या हातून. त्यांतले शेवटचे आणि सर्वांत प्रसिद्ध नाव ब्रॅम स्टोकरचे. त्याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी 1897 साली प्रसिद्ध झाली.

या कादंबरीवर चित्रपट पुष्कळ निघाले. 1922 साली जर्मनीत निघाला, 1931 साली अमेरिकेत बेला लुगोसीचा निघाला. परंतु आज जगाच्या डोळ्यांपुढे ड्रॅक्युला म्हटले की जी आकृती उभी राहते, उंच, काळा झगा, तांबारलेले डोळे, ओठावर रक्त, तिला रंग दिला तो हॅमर नावाच्या एका लहानशा ब्रिटिश कंपनीने, 1958 साली. रंग दिला हे अक्षरशः खरे आहे. त्यापूर्वीचे हे सारे चित्रपट कृष्णधवल. रक्त काळे दिसे. हॅमरने ते लाल दाखवले. ब्रिटिश सेन्सॉरने सोळा वर्षांखालील मुलांना मज्जाव करणारे प्रमाणपत्र दिले, आणि कंपनीने त्याचीच जाहिरात केली!

हॅमर हे नाव कोठून आले? विल्यम हाइंड्स नावाचा व्यापारी हौसेने रंगभूमीवर विल हॅमर म्हणून उभा राही, त्यावरून 1934 साली कंपनीचे नाव पडले. पुढे कारेरास नावाचे दुसरे घराणे त्यात आले, आणि दोन्ही घरांच्या मुलांनी धंदा चालवला. स्टुडिओ बांधण्याइतका पैसा नव्हता. म्हणून 1951 च्या सुमारास त्यांनी टेम्स नदीच्या काठी, ब्रे गावाजवळ, डाउन प्लेस नावाचा एक जुना वाडा घेतला आणि त्याच्याच दिवाणखान्यांत, जिन्यांत, अंगणात चित्रपट काढू लागले. पुढे आवारात रंगमंच उभे राहिले, तरी मूळ स्वभाव घरगुतीच राहिला.

त्या घरची कामाची रीत ऐकण्यासारखी आहे. 'ड्रॅक्युला'चा सारा खर्च सुमारे 81 हजार पौंड. चित्रपटाच्या हिशेबाने अगदी चिंगूस. पटकथा लिहिणारा जिमी सँगस्टर हा मुळात सहायक दिग्दर्शक, म्हणजे कोणत्या दृश्याला किती खर्च येतो हे तोंडपाठ असलेला माणूस. त्याने स्टोकरच्या कादंबरीला कात्री लावली. समुद्र नको, जहाज नको, लंडनही नको. मूळ कथेत ड्रॅक्युला वटवाघूळ होतो, लांडगा होतो. ते दाखवायचे तर पैसे लागणार. तेव्हा चित्रपटातल्या विद्वान डॉक्टराच्या तोंडी त्याने वाक्य घातले, की ही रूप पालटण्याची गोष्ट म्हणजे लोकांचा खुळा समज आहे. काटकसरीला शास्त्राचा आधार! पण या काटकसरीतूनच चित्रपटाला वेग आला. पाल्हाळ गेले आणि दोन माणसांचा सामना उरला.

नेपथ्यकार बर्नार्ड रॉबिन्सन एकाच वाड्याचे खांब आणि जिने फिरवून फिरवून चार चित्रपटांत वापरी, आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नसे. छायालेखक जॅक अ‍ॅशर दिव्यांवर रंगीत कागद लावून भिंतीच्या कोपऱ्यांत जांभळी, हिरवी छाया पाडी. जेम्स बर्नार्डने ड्रॅक्युला या शब्दाच्या अक्षरांवरच सुरावट बांधली. वाद्ये जणू त्याचे नाव पुकारतात. दिग्दर्शक टेरेन्स फिशर तरुणपणी व्यापारी जहाजावर होता, मग संकलक झाला, आणि मोठा दिग्दर्शक म्हणून त्याचे नाव पन्नाशी उलटल्यावर झाले. हे सारे कारागीर होते. आपण कलावंत आहोत असे त्यांतले फारच थोडे म्हणत असत, आणि मला वाटते, त्यामुळे त्यांचे काम बिघडले नाही.

नट दोघे. पीटर कुशिंग म्हणजे डॉक्टर व्हॅन हेल्सिंग. शेवटच्या झटापटीत दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून क्रूस करायचा, ही कल्पना त्याचीच. आणि ड्रॅक्युला झाला क्रिस्टोफर ली, सहा फूट पाच इंच उंच, आई इटालियन उमराव घराण्यातली. जिन्याच्या माथ्यावर त्याची काळी आकृती प्रथम दिसते तेव्हा प्रेक्षक किंकाळीची तयारी करून बसतो. आणि तो खाली उतरून, उत्तम इंग्रजीत, पाहुण्याचे आगतस्वागत करतो, त्याची बॅग उचलतो, खोली दाखवतो. भय येथे आहे. हा राक्षस नाही, घरमालक आहे.

हा 'घरमालक' शब्द मी जाणून वापरला. स्टोकर आयरिश होता, डब्लिनचा. नाटकाच्या धंद्यात पडण्यापूर्वी तो डब्लिनमध्ये सरकारी नोकर होता, आणि लहान न्यायालयांच्या कारकुनांनी कामे कशी करावीत यावर त्याने 1879 साली एक पुस्तकही लिहिले. याच वर्षी आयर्लंडात जमीनदारांविरुद्ध कुळांची चळवळ पेटली. 'बॉयकॉट' हा शब्दही 1880 साली तेथेच जन्मला, एका जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या आडनावावरून. आता कादंबरी पाहा. हा उमराव परदेशी निघतो तेव्हा मातीने भरलेल्या पन्नास पेट्या बरोबर नेतो. स्वतःच्या जमिनीवाचून त्याला झोप येत नाही! गावावर त्याची हुकमत, गावची पोरे त्याचे भक्ष्य, आणि तो मरत मात्र नाही. काही समीक्षकांनी त्यात आयर्लंडचा जमीनदार पाहिला आहे. स्टोकरच्या मनात तसे होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण हॅमरच्या मंडळींनी हा धागा उचलला हे मात्र त्यांच्या चित्रपटांत उघड दिसते. 1961 च्या त्यांच्या लांडगामाणसाच्या चित्रपटात सगळ्या अनर्थाचे मूळ एका मार्क्विसचे क्रौर्य. आणि 1966 च्या 'द प्लेग ऑफ द झॉम्बीज'मध्ये तर कॉर्नवॉलचा एक जमीनदार गावातले मेलेले लोक थडग्यांतून उठवतो आणि आपल्या कथलाच्या खाणीत त्यांना राबवतो. मजुरी द्यावी लागत नाही! त्याच्या आधी व्होल्तेरने खरे रक्तपिपासू म्हणून धंदेवाल्यांकडे बोट दाखवले होते, आणि मार्क्सने भांडवलाला हीच उपमा दिली होती. उपमा जुनी, हॅमरने तिला वाडा आणि दिवे दिले.

आता आपल्याकडे या. कोकणात भुतांची वाण कधीच नव्हती. 1915 साली एन्थोव्हेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींची टिपणे प्रसिद्ध केली. त्यांची सामग्री त्यांच्याआधी जॅक्सन यांनी, म्हणजे 1909 साली नाशिकला मारले गेले त्याच कलेक्टरांनी, गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्न पाठवून जमवली होती. मुंजा, हडळ, समंध, ब्रह्मराक्षस, गिऱ्हा, चकवा, देवचार अशी ही मोठी बिरादरी आहे. यांतली बहुतेक भुते म्हणजे काहीतरी राहून गेलेली माणसे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा. बाळंतपणात बाई गेली, ती हडळ. त्यांचे काहीतरी येणे असते, आणि नारळ, कोंबडा, दहीभात देऊन त्यांच्याशी तडजोड होऊ शकते. वाड्यात राहून गावाचे रक्त पिणारे भूत या यादीत शोधून सापडणे कठीण. मौज अशी, की 'रक्त पिणे' हा वाक्प्रचार मात्र मराठीत घरोघर आहे, आणि तो आपण भुताला लावत नाही. तो सावकाराला लावतो, खोताला लावतो.

हा किनारा म्हणजे पूर्वीचा कुलाबा, 1981 पासूनचा रायगड. अलिबागजवळच्या चरी गावी 1933 साली कुळांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. संप 1939 पर्यंत टिकला. सहा वर्षे भात लावले नाही, लोकांनी मोळ्या विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक कायदेमंडळात आणले; कायदा झाला तो 1949 साली. हे मी येथे का सांगतो ते आता कळेल.

आपल्याकडे हॅमरचा वसा घेतला तो रामसे बंधूंनी. वडील फत्तेचंद रामसे फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आले, रेडिओचे दुकान काढले, मग चित्रपट. 1963 चा 'रुस्तम सोहराब' त्यांचाच. 1970 साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या दृश्याला लोक जागचे हलत, हे तुलसी आणि श्याम या दोघा मुलांनी थिएटरात बसून पाहिले. मुलगे सात: कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मिती, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' साठी सारे कुटुंब बसमधून महाबळेश्वरला गेले आणि सुमारे चाळीस दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात चित्रपट पुरा करून आले. स्वयंपाक घरच्या बायकांनी केला. ब्रेच्या वाड्याचीच ही भारतीय आवृत्ती, फक्त भाकरी जास्त चांगली असावी.

त्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट 1984 चा 'पुराना मंदिर'. त्यातली हवेली म्हणजे आपला मुरुडचा नबाबांचा वाडा. समुद्रावरच्या उंचवट्यावर, घुमट आणि कमानी असलेला. जंजिरा संस्थान 1948 साली विलीन झाले. वाडा खाजगी मालकीचा राहिला. गोष्टीचा आणि नबाबांच्या घराण्याचा काही संबंध नाही, वास्तू तेवढी उसनी. पण रॉबिन्सनला जे लाकूड आणि प्लास्टर लावून उभे करावे लागे, ते येथे खऱ्या दगडात आणि खाऱ्या वाऱ्यात तयार मिळाले. सामरी नावाचा सैतान झाले अनिरुद्ध अगरवाल, रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंता. उंचीत ते लीच्या पंक्तीला बसतील. निळे-तांबडे दिवे, धूर, कुरकुरणारे दरवाजे, सारे हॅमरच्या शाळेतले. क्रूसाच्या जागी त्रिशूळ.

हा चित्रपट मी अलिबाग तालुक्यातल्या एका गावी तंबूत पाहिला. पडद्यावर ढग गडगडले, संगीत चढले, हवेली दिसली, आणि निम्मा तंबू एकदम ओरडला, "आरं, हा तर मुरूडचा!" पुढची पाच मिनिटे कोणाला भीती म्हणून वाटली नाही. माझ्या शेजारी वस्तीवरचे एक म्हातारे बाबा बसले होते. संपाच्या सहा वर्षांत ते ऐन तरुण होते. ते हसले नाहीत, घाबरलेही नाहीत, बारकाईने गोष्ट ऐकत राहिले.

गोष्ट अशी: सामरी राजकन्येचे रक्त पितो, राजा त्याला पकडून शिर तोडवतो, आणि मरताना तो शाप देतो, की राजाच्या वंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. पुढच्या पिढीचा ठाकूर त्या शापाने पोळलेला, दुःखी, सज्जन. म्हणजे पाहा, हॅमरकडून सारे घेतले आणि मुळातली गोष्टच उलटी केली. तेथे रक्त पितो वाड्याचा धनी. येथे वाड्याचा धनी बिचारा, आणि रक्त पिणारा बाहेरून आलेला. 1990 च्या 'बंद दरवाजा'त ड्रॅक्युला अधिक उघडपणे उचलला आहे, शवपेटी आहे, वटवाघूळ आहे. तरी तेथेही नेवला काळ्या पहाडावर राहतो आणि वाड्यातला ठाकूर निराळाच असतो.

असे का झाले असावे? 'दो बिघा जमीन'पासून हिंदी सिनेमाने जमीनदाराला खलनायक करून पुरेसे बडवले होते, तेव्हा भीड पडली असे म्हणता येत नाही. मला वाटते, आपल्या भयकथेत शाप हा कुळाला लागतो आणि कुळ म्हटले की सहानुभूती घरातल्यांकडे जाते. विलायती कथेत पाहुणा वाड्यात शिरतो, आपण त्याच्या डोळ्यांनी मालकाकडे पाहतो. आपला कॅमेरा आधीच वाड्याच्या आत बसलेला असतो. दुसरे असे, की जमीनदाराचे पाप सामाजिक चित्रपटाने एकदा आपल्या खाती मांडले, की भुताच्या खाती ते पुन्हा कोण मांडणार? हा माझा तर्क. कोणाला अधिक चांगला सुचला तर मला हवाच आहे.

खेळ संपल्यावर आम्ही बांधावरून परत निघालो. बाबांच्या हातात कंदील. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "राजा चांगला, नि रगत पिनारा भायेरचा? असा कसा रे?" मी तेव्हा शिकलेला पोर, मी त्यांना चित्रपट म्हणजे कल्पना असते वगैरे सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले.

वाटेत पिंपळ लागतो, त्यावर मुंजा आहे असे गाव मानते. माझी पावले आपोआप भराभर पडू लागली. बाबांनी पिंपळाखाली कंदील जरा खाली धरला, नेहमीप्रमाणे खोकून घेतले, आणि मला म्हणाले, "पलतो कशाला? ह्यो आपला हाय."