वारली चित्र: त्रिकोण जमला की झालं?

"दोन त्रिकोण, वर एक गोल, चार रेघा, वारली तर लहान मुलंही काढतात." हौशी शिबिरांत सर्वात जास्त ऐकू येणारं हे वाक्य निम्मंच खरं आहे. आकार मोजकेच आहेत, हे बरोबर. पण वारली माणूस उभा राहतो तो दोन त्रिकोणांची टोकं जिथे भेटतात त्या कंबरेवर. वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस धावतो, वाकतो, ओझं उचलतो. चेहऱ्याला नाकडोळे नसल्यामुळे चित्रातलं सगळं चैतन्य या कलण्यातूनच येतं. नवशिके पट्टीने काटेकोर त्रिकोण आखतात आणि मग त्यांची माणसं कवायतीला उभी असल्यासारखी दिसतात. पट्टी बाजूला ठेवा. भात लावणारी, लाकूड फोडणारी, मूल कडेवर घेतलेली अशी एकच आकृती वेगवेगळ्या प्रकारे कललेली पानभर काढा. बाईला अंबाडा द्यायला विसरू नका.

दुसरा समज असा, की ही घर सजवण्याची कला. डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या वारली आदिवासींच्या घरांत तिचं मूळ काम लग्नाचं होतं. सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी विधिचित्र, लिहितात, त्यात पालघाट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दिवाणखान्यासाठी शेत, झाडं, मासेमारी, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच, हवं ते काढा, देवीचा चौक मात्र शोभेसाठी उचलू नका.

"हजारो वर्षांत यात काहीच बदललं नाही" हेही असंच बिनदिक्कत छापलं जातं. गुहाचित्रांशी साम्य दिसतं, पण साम्य म्हणजे अखंड परंपरेचा पुरावा नव्हे. भिंतीवरचं चित्र पुसलं जातं, पुन्हा सारवलं जातं. जुने नमुने टिकणार कसे? बदल तर डोळ्यांदेखत झाला. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली कलाकारांना कागद पुरवला आणि बायकांच्या हातच्या या कलेत पुरुष उतरले. गंजाडचे जिव्या सोमा मशे विधीची वाट न पाहता रोज चित्रं काढू लागले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रं मिळाली तर जरूर पाहा. बारीक रेघांच्या त्या विणीपुढे 'सोपी कला' हे शब्द तोंडातच राहतात.

साहित्य महाग लागतं, ही भीती तर निराधार. पार्श्वभूमीला गेरू, पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ आणि किंचित डिंक, आणि कुंचला म्हणून टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. पिठाचा रंग ओला असताना पुसट दिसतो, वाळला की पांढरा उठतो. त्यामुळे घाबरून लगेच दुसरा हात देऊ नका, रेघ जाड होते. पीठ पुढे झडतं, त्याला कीडही लागते. चित्र टिकवायचं असेल तर कापडावर किंवा जाड कागदावर पांढरा पोस्टर रंग वापरा, त्यात कमीपणा नाही. लाल, निळा, हिरवा भरून मात्र चित्र 'उठावदार' करू नका. गडद गेरूवर एकट्या पांढऱ्याचा जो ठसा उमटतो, तो तिथेच हरवतो.

तारपा नाचाबद्दल एक बारीकशी गोष्ट. नाचणारे वादकाकडे पाठ करत नाहीत, त्याच्याभोवती वळत जातात. बाजारातल्या कित्येक पिशव्यांवर वादकच गायब असतो.

शेवटचा गैरसमज विक्रीचा. शैली सर्वांना शिकता येते, पण 'वारली चित्र' या नावाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. घरी काढलेलं चित्र विकायचं झालंच, तर त्याखाली स्वतःची सही करा आणि 'वारली शैलीत' एवढंच लिहा. अस्सल वारली चित्र हवं असेल, तर ते डहाणू-जव्हारच्या कलाकाराकडूनच घ्या.