कूलर बंद झाल्यावर

ऑक्टोबरचा उकाडा सरला की यवतमाळ जिल्ह्यात घरोघरचे कूलर जुन्या चादरीत गुंडाळले जातात आणि रात्री एकदम शांत होतात. ज्यांचे कान वाजतात, त्यांचे हाल नेमके तेव्हा सुरू होतात. कूलरच्या घरघरीत दबलेला तो रातकिड्याचा किंवा बारीक शिट्टीचा आवाज उशीला डोकं टेकताच वर येतो.

दुखणं जुनं आहे. सुश्रुतानं कानाच्या 28 रोगांत कर्णनाद मोजलाय. आतल्या कानातल्या केशपेशी वयानं, मोठ्या आवाजानं, काही औषधांनी एकदा मेल्या की परत येत नाहीत. तिकडून संदेश घटला की मेंदू उरलेल्याचा आवाज वाढवून ऐकू लागतो, अशी आजची मांडणी आहे. बारीक गुणगुण तशी बहुतेकांच्या कानात असतेच. 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर सुमारे 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं!

आपल्या जिल्ह्यात कान बिघडायला कारणं कमी नाहीत. वणीकडे कोळशाच्या खाणी आणि गावोगावी कापसाचं जिनिंग. दिवाळीनंतर हंगाम भरात आला की सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांच्या रांगा धडधडत राहतात. जळगाव भागातल्या जिनिंगमधली मोजणी 2011 साली प्रसिद्ध झाली. तिथं आवाज 89 ते 106 डेसिबल भरला. कारखान्यात आठ तासांची मर्यादा 90 ची, आणि 100 म्हणजे 90 च्या दहापट ऊर्जा. कानात रुईचा बोळा कोंबून भागत नाही. त्यानं धूळ अडते, आवाज फारसा नाही. फोमचा बोळा बोटांनी बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत बसवला तरच उपयोग.

बाहेरच्या आवाजानं कानातला आवाज झाकायची युक्ती 1970 च्या दशकात अमेरिकेत पुढे आली. पोर्टलंडच्या एका कारंज्याजवळ उभं असताना एका डॉक्टरला स्वतःच्या कानातला आवाज ऐकूच येईना, आणि त्यावरून संशोधक जॅक व्हर्नन यांनी कानात घालायचा ‘मास्कर’ घडवला. पुढे जॅस्ट्रेबॉफ या संशोधकांनी वेगळंच सांगितलं: कानातला आवाज पुरता बुडवू नका, बाहेरचा आवाज त्याच्या किंचित खाली ठेवा, म्हणजे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो. मला हे पटतं, पण पुरावा तोकडा आहे. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात ध्वनियंत्रं किंवा श्रवणयंत्रं ठामपणे सरस ठरली नाहीत. त्रास कमी होण्याबाबत मानसोपचारातल्या वर्तनोपचाराचा पुरावा त्याहून बरा आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावून पाहावंच, कारण आजूबाजूचे आवाज परतले की आतला मागे सरतो. रात्रीपुरता मोबाइलवर पावसाचा आवाज, तोही हलकाच, पुरे. जिंको वनस्पतीच्या आणि जस्ताच्या गोळ्यांवर पैसे घालू नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी 2014 मध्येच सांगून ठेवलंय. कानात गरम तेल तर नकोच. पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जातं.

एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्यासोबत धपधप, किंवा एकाएकी ऐकू येणं बंद होणं, यांत थांबू नये. शेवटच्यात तर दिवसागणिक उपचाराची संधी हातची जाते. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ऐकण्याच्या तपासणीत आवाजबंद खोलीचं दार बंद झालं की सगळ्यांत आधी स्वतःच्याच कानातला आवाज ऐकू येतो आणि यंत्राचा सूर कोणता, ते कळेनासं होतं. तसं तपासणाऱ्याला सांगावं. तो तुटक-तुटक सूर देतो, मग बटण केव्हा दाबायचं ते बरोबर उमगतं.