नदीचे भोवरे आणि काठची जमीन

तुळापूर येथे इंद्रायणी भीमेस मिळते आणि पुढे हे एकत्र पाणी कोरेगाव भीमा गावाजवळून वाहते. पुराच्या दिवसांत अशा पात्रात भोवरे पडतात. डोहाच्या तळाशी काहीतरी ओढून घेणारे असते, अशी समजूत अनेक गावी आढळते. वस्तुतः हा पाण्याच्या गतीचा परिणाम होय.

वेगवान पाणी मंद पाण्यास लागून वाहू लागले, अथवा पुलाच्या खांबासारखा अडथळा मध्ये आला, म्हणजे मागची जागा भरून काढण्यास पाणी उलट वळते व फिरू लागते. लाटेचे तसे नाही. लाटेत पाणी बहुतांशी जागच्या जागी वरखाली होते. पुढे सरकतो तो तिचा जोर. कोकण किनाऱ्यावर दोन्ही एकत्र दिसतात. उथळ पाण्यात लाटा मंदावतात, उंचावतात व फुटतात. किनाऱ्याकडे लोटलेले पाणी अरुंद वाटेने समुद्रात परतते आणि त्या ओढीच्या दोहो बाजूंस गरगरते. भीमेत लाटांचे महत्त्व थोडे; येथे काठ तोडते ते वळण.

वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे लोटले जाऊन तेथे किंचित उंचावते. तळाचे पाणी मंद असल्यामुळे या दाबाने आतल्या काठाकडे सरकते व वाळू बरोबर नेते. अशा मळसूत्री गतीने बाहेरचा काठ पायाशी पोखरला जातो, तेथे डोह पडतो आणि समोर मळई साचते. एकाची गेलेली जमीन दुसऱ्यास मिळते, हे म्हणणे अर्धेच खरे; समोर बहुधा वाळू पडते, बारीक माती दूर वाहून जाते.

दरड पुष्कळदा पूर ओसरताना कोसळते. काठ भिजून जड झालेला असतो आणि बाहेरील पाण्याचा आधार एकाएकी सुटतो. म्हणून पाणी उतरताच काठालगत भेगा आहेत काय, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसह पाहावे. भेगेपलीकडे गुरे बांधू नयेत, पंपही ठेवू नये.

काठापर्यंत नांगरट न करता तेथे वाळा, बांबू, करंज यांची लागवड करावी. मात्र डोह खोल असल्यास मुळे पायापर्यंत पोचत नाहीत. नुसते दगड टाकणेही धोक्याचे. प्रवाह दगडांवर आदळून खाली बुडी घेतो, त्यांच्याच पायथ्याशी खड्डा पाडतो आणि धार समोरच्या शेतावर वळवतो. असे काम पाटबंधारे अभियंत्यांच्या सल्ल्यानेच करावे. काठाच्या पायाशी वाळूचा उपसा चालू असेल, तर तो आधी थांबवावा लागेल.