नक्षीची टाइल कुठे शोभते?

आमच्या गटातल्या एकीनं घराची डागडुजी काढली. निळ्या-हिरव्या नक्षीची चकचकीत टाइल तिला फार आवडली. टाइल होती भिंतीची, पण तिनं ती न्हाणीत खाली बसवून घेतली. आठवडाभरात सासूबाई ओल्या टाइलवरून घसरल्या आणि मनगट मोडलं. तेव्हा आम्ही सगळ्यांनी ठरवलं, ही टाइल आली कुठून आणि लावायची कुठे, ते नीट समजून घ्यायचं.

या नक्षीला मूरिश म्हणतात. उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये गेलेल्या मुसलमानांना तिकडे मूर म्हणत. इ.स. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुसलमान राजांची सत्ता होती. ग्रॅनडा शहरातला अलहंब्रा राजवाडा त्याच काळातला. तिथल्या टाइलवर माणसं-प्राणी नाहीत. चांदण्या, पट्ट्या, चौकोन आहेत. एका चौकोनावर दुसरा तिरपा ठेवला की आठ टोकांची चांदणी होते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्याला हे लगेच कळतं.

मोरोक्कोतल्या फेस शहरात कारागीर आजही हे काम हातानं करतात. भाजलेल्या रंगीत टाइलचे हातोडीनं बारीक तुकडे करायचे, ते पालथे मांडायचे आणि पाठीवर गिलावा ओतायचा. मांडताना नक्षी दिसतच नाही, ती डोक्यात ठेवावी लागते!

स्पेनमधून ही कला पोर्तुगालला गेली आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. पणजीच्या फोंतेन्यास भागात घरांच्या नावाच्या पाट्या अशा टाइलच्या दिसतात. तिथे तिला अझुलेजो म्हणतात. हा शब्द मूळ अरबी.

आता आपल्या कामाचं. अलहंब्रात टाइल आहे ती मुख्यतः भिंतीच्या खालच्या भागात, वर कोरीव गिलावा. जिथे हात लागतो, भिंत मळते, तिथेच टाइल. पुसली की स्वच्छ. आपणही हेच करू. गॅसमागची भिंत घ्या. ४ फूट रुंद, २ फूट उंच जागा म्हणजे ८ चौरस फूट. फूटभर टाइल ८ लागतील, फुटतुटीला २ जास्त घ्या. एवढ्यानं स्वयंपाकघर खुलतं, फोडणीचे डागही फडक्यानं निघतात. बाकीची भिंत साध्या रंगाची ठेवा. सगळीकडे नक्षी झाली की डोळ्याला विसावा मिळत नाही आणि पैसाही जातो.

घेताना सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना, ते पाहा. नाहीतर रंगात फरक पडतो. गवंडी सिमेंट कालवायच्या आधी सगळ्या टाइल खाली कोरड्या मांडून बघा. एक जरी उलटी फिरली तर चांदणी मोडते, आणि बसल्यावर काढायची म्हणजे फोडायची. सांधे नीट भरून घ्या, म्हणजे तेल-मळ आत जात नाही.

न्हाणीत, मोरीत, पायरीवर मात्र खरखरीत फरशीच हवी. दुकानदाराला स्पष्ट विचारा, "ही जमिनीची की भिंतीची?" दुकानातच टाइलवर थोडं पाणी टाकून हात फिरवून बघा. हात सरकला, तर पायही सरकणार.

आमच्या मैत्रिणीनं न्हाणीतली टाइल काढून तिथे खरखरीत फरशी घातली. उरलेल्या टाइल आता तिच्या गॅसमागे आहेत. सासूबाईंचा हात बरा झालाय, आणि भाकरी थापता थापता त्याच आता आल्या-गेल्याला चांदण्या दाखवतात.