जुना कनेक्टिंग रॉड: ठेवावा कीं टाकावा?

उघडलेलें एंजिन ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस कनेक्टिंग रॉड ठाऊक असेलच. शेतांतील पंपाचें एंजिन असो, ट्रॅक्टरचें असो किंवा मोटारीचें असो, त्याच्या सिलिंडरांत खालवर धांवणारा पिस्टन, म्हणजे दट्ट्या, आणि तळाशीं गरगर फिरणारा क्रँक यांस जोडणारा जो पोलादी दांडा, तोच हा. पिस्टनची सरळ गति घेऊन क्रँकला फिरविणें हें त्याचें काम. तो बाहेरून दिसत नाहीं, म्हणून त्याची आठवणहि कोणास होत नाहीं. परंतु तो तुटला म्हणजे एंजिनाच्या भिंतीस भोंक पाडून क्षणार्धांत सर्व यंत्राचा नाश करतो. ह्या दांड्याविषयींचा एक व्यावहारिक प्रश्न आम्हीं येथें विचारास घेतला आहे. थोडक्या पैशांत जुनें एंजिन दुरुस्त करून त्यांतून पूर्वीपेक्षां अधिक शक्ति काढावयाची असेल, तर कारखान्यांतून आलेले मूळचेच दांडे पुन्हां घालावे काय?

हा प्रश्न अमेरिकेंतील हौशी कारागिरांस नेहमीं पडतो, म्हणून उदाहरणहि तेथलेंच घेऊं. शेव्हरोले कंपनीनें १९५५ सालीं आठ सिलिंडरांचें एक आटोपशीर एंजिन काढलें. त्याच घराण्यांतील ३५० घन इंचांचें, म्हणजे सुमारें ५.७ लिटरचें एंजिन १९६७ च्या कॅमारो गाडींत आलें, आणि पुढें अनेक वर्षें तें त्या कंपनीच्या मोटारींत व मालवाहू गाड्यांत लाखोंनीं बसविलें गेलें. जुन्या गाड्यांतून तें अजूनहि मिळतें. म्हणून कमी खर्चांत वेगवान गाडी करूं इच्छिणाऱ्यांचें तें आवडतें एंजिन आहे. त्याचा दांडा घडीव पोलादाचा असून त्याच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंतील अंतर ५.७ इंच असतें. वरचें लहान छिद्र पिस्टनच्या पिनेवर बसतें. खालचें मोठें छिद्र दोन भागांचें असतें. अर्धें दांड्यांत व अर्धें निराळ्या टोपींत, जिला कारागीर कॅप म्हणतात. क्रँकच्या पिनेभोंवतीं हे दोन भाग दोन बोल्टांनीं आवळलेले असतात.

आतां, ह्या दांड्यास सर्वांत मोठें भय कशाचें? पुष्कळांस वाटतें कीं इंधनाच्या भडक्याचें. भडक्याचा जोर मोठा असतो खरा, परंतु तो दांड्यास दाबतो. आणि आखूड व जाड पोलाद दाब चांगला सोसतें. खरी परीक्षा ताणाची आहे. जळलेला वायु बाहेर टाकून पिस्टन वरच्या टोकास पोंचतो, तेव्हां त्यास अडविण्यास वर वायूचा दाब उरलेला नसतो. वेगानें वर जाणाऱ्या पिस्टनला थांबवून पुन्हां खालीं ओढण्याचें काम एकट्या दांड्यास व त्याच्या दोन बोल्टांस करावें लागतें. वरील एंजिनांत पिस्टनची धांव ३.४८ इंच असते. पिस्टन, त्याची पिन, रिंगा व दांड्याचा वरचा भाग मिळून वजन सुमारें एक किलोग्रॅम धरूं. क्रँक मिनिटास ६,००० फेरे घेऊं लागला, कीं ह्या एक किलोच्या वस्तूस परत फिरविण्यास सुमारें २,३०० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ लागते. आणि ती दर सेकंदास पन्नास वेळां!

येथें विद्यार्थ्यांनीं एक नियम ध्यानांत ठेवावा. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ५,००० फेऱ्यांस ती सुमारें १,६०० किलोग्रॅम, ६,००० फेऱ्यांस २,३००, तर ७,००० फेऱ्यांस सुमारें ३,१५० किलोग्रॅम होते. म्हणजे वेग पांचाचा सात झाला, तर ओढ जवळजवळ दुप्पट होते. तेव्हां दांड्याचा प्रश्न शक्तीचा कमी आणि वेगाचा अधिक आहे. ह्या एंजिनाचे मूळचे दांडे नीट तपासून व नवे बोल्ट घालून वापरले, तर सुमारें ४०० अश्वशक्ति व ६,००० फेरे एवढ्या मर्यादेंत ते भरंवशाचे ठरतात, असा अनुभवी कारागिरांचा सर्वसाधारण दंडक आहे. त्यापलीकडे जाण्याची हौस असेल, तर अधिक मजबूत दांडे घेणेंच इष्ट.

परंतु जुनें पोलाद थकलेलें नसेल काय? ही शंका योग्य आहे. तार वारंवार वांकविली असतां तुटते, तसा धातूस थकवा येतो. सरासरी २,००० फेऱ्यांनीं २,५०० तास चाललेल्या एंजिनाच्या प्रत्येक दांड्यानें अशी ओढ १५ कोटि वेळां सोसलेली असते. तथापि पोलादाचा एक मोठा गुण असा कीं, ओढ एका ठराविक मर्यादेच्या आंत राहिली, तर तें कितीहि वेळां ओढलें तरी बहुधा थकत नाहीं. म्हणून केवळ वय झालें एवढ्यावरून दांडा निकामी ठरत नाहीं. मात्र कोणीं एकदां गिअर चुकून टाकल्यानें एंजिन मर्यादेबाहेर फिरलें असेल, तेलावांचून बेअरिंग जळलें असेल, किंवा दांड्यावर हातोड्याचा घाव बसला असेल, तर त्या जागीं केसाहूनहि बारीक चीर पडलेली असूं शकते. ती डोळ्यांस दिसत नाहीं. दांडा किती जुना, हें विचारण्यापेक्षां त्यानें काय सोसलें, हें शोधणें अगत्याचें आहे.

हा शोध असा घेतात. प्रथम दांडा धुऊन स्वच्छ करावा. मोठ्या छिद्राजवळ पोलाद निळें पडलें असेल, तर तें अतिशय तापलें होतें असें समजावें व तो दांडा टाकून द्यावा. नंतर दांड्यास चुंबकत्व देऊन त्यावर चकाकणाऱ्या रंगाची बारीक लोहभुकटी मिसळलेला द्रव सोडतात. जेथें चीर असेल, तेथें भुकटी ओढली जाऊन जंबुपार प्रकाशांत चिरेची रेघ स्पष्ट उमटते. रेघ दिसली, कीं दुसरा विचार नाहीं. तो दांडा भंगारांत. पुढें दांडा वांकलेला अथवा पिळलेला नाहीं ना, हें मोजून पाहतात. तपासणी झाल्यावर दांड्यांतील चुंबकत्व काढून टाकावयास विसरूं नये. नाहीं तर तेलांतील लोखंडाचा कीस त्यास चिकटून राहतो.

यानंतर बोल्टांचा विचार. जुने बोल्ट पुन्हां घालणें ही आमच्या मतें सर्वांत घातक काटकसर होय. चांगला बोल्ट आवळला म्हणजे स्प्रिंगसारखा किंचित् ताणला जातो, व त्या ताणामुळेंच टोपी घट्ट राहते. एकदां मर्यादेबाहेर ताणलेला बोल्ट पूर्ववत् आखूड होत नाहीं, आणि त्याची पकडहि जाते. ह्यास्तव क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे नवे बोल्ट घालतात, व ते बनविणाराच्या सूचनेप्रमाणें किती हजारांश इंच लांबले हें मोजून आवळतात.

नवे बोल्ट बसविले, कीं मोठ्या छिद्राचा आकार किंचित् बदलतो. म्हणून दांडा व टोपी यांच्या जोडाच्या बाजू थोड्या घांसून, बोल्ट आवळून, छिद्र पुन्हां वाटोळें करून घ्यावें लागतें. ह्या एंजिनाच्या जाड पिनेच्या दांड्यांत हें छिद्र २.२२४७ ते २.२२५२ इंचांच्या दरम्यान असलें पाहिजे. म्हणजे अर्ध्या हजारांश इंचाची काय ती सवलत! त्याच घराण्यांतील पूर्वीच्या बारीक पिनेचे दांडे निराळे. त्यांची सरमिसळ करूं नये. एका दांड्याची टोपी दुसऱ्यासहि लावूं नये. १९९७ सालीं त्याच कंपनीनें काढलेल्या नव्या घराण्याच्या एंजिनांत दांडे धातूच्या भुकटीपासून घडविलेले असून त्यांची टोपी मुद्दाम तडकवून वेगळी केलेली असते. ते खडबडीत जोड परस्परांतच बसतात. त्यांस घांसण्याची ही रीत लागू नाहीं.

आतां खर्चाचा हिशोब. तपासणी, आठ दांड्यांचे सोळा बोल्ट व घांसकाम यांची बेरीज केली, तर ती कित्येकदां स्वस्त पण नव्या व मजबूत दांड्यांच्या किंमतीच्या जवळ जाते. मग जुन्याचा हट्ट कां? उलटपक्षीं, जवळचा कारागीर हें काम रास्त दरांत करीत असेल व एंजिन बेताच्या वेगानें चालवावयाचें असेल, तर चांगले दांडे फेंकून देणें हाहि अपव्ययच होय. शुभवर्तमानांतील दृष्टांतांत बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्च मोजतो. एंजिन उघडणारानेंहि पाना हातीं घेण्यापूर्वीं तसेंच करावें.

जुनें तें सर्व टाकाऊ म्हणणारा उधळा, आणि तपासल्यावांचून जुनेंच घालणारा कृपण. दोघांमध्यें काटकसरीचा मार्ग आहे. तो डोळे उघडे ठेवणाऱ्याचा मार्ग आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें यंत्रांच्या धंद्यांत पडले, तर दोन बोल्टांच्या किंमतीसाठीं दुसऱ्याचें एंजिन, आणि प्रसंगीं त्याचा जीव, त्यांनीं कधींहि पणास लावूं नये, एवढीच आमची विनंती आहे.