मांडवीचा खारा वारा आणि स्कॉर्पिओच्या दोन पिढ्या

जुन्या मराठीत मांडवी म्हणजे जकातीची जागा. बंदरात उतरलेल्या मालाची तेथे नोंद होई, कर भरला जाई आणि मगच माल पेठेत जाई. रत्नागिरीच्या मांडवीला आता गलबतांची गर्दी नाही. माल हातखंब्याच्या तिठ्यावरून, रस्त्याने येतो. मात्र माल पारखून घेण्याची सवय व्यापारी घराण्यांतून गेलेली नाही. धान्याच्या पोत्यात बंबू घालून दाणा पाहणारा व्यापारी मोटार घेताना मात्र रंग आणि पडद्याचा आकार पाहून भुलतो, हे थोडे नवलाचे आहे. एकत्र कुटुंबासाठी सात आसनांची एसयूव्ही घ्यायची, तर आज वीस लाखांच्या आसपासची रक्कम बाहेर पडते. तीच रक्कम हंगामात मालात फिरते, म्हणून हा निर्णय दुकानाच्या खातेवहीलाही भिडतो.

बाजारात एसयूव्ही गाड्या अनेक आहेत. ह्युंदाई क्रेटा २०१५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिची दुसरी पिढी आली. टाटांची सफारी १९९८ पासून नावाने टिकून आहे, जरी २०२१ ची सफारी पूर्णतः निराळी गाडी असली तरी. पण नव्या-जुन्या पिढ्यांची तुलना समजून घेण्यास महिंद्राच्या स्कॉर्पिओइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. ही गाडी महाराष्ट्राच्याच मातीतली. नाशिक येथे पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली तिची घडण झाली आणि जून २००२ मध्ये ती बाजारात आली. सप्टेंबर २०१४ मध्ये नव्या सांगाड्याची आवृत्ती निघाली. २७ जून २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एन दाखल झाली, आणि जुनी बंद न करता कंपनीने तिला ‘क्लासिक’ असे नाव देऊन विक्री चालू ठेवली. त्यामुळे ग्राहकापुढे आज तीन वाटा आहेत: नवी एन, नवीच पण जुन्या पिढीची क्लासिक, आणि वापरलेली स्कॉर्पिओ.

आकडे प्रथम पाहावेत. क्लासिकची लांबी ४,४५६ मिलिमीटर व रुंदी १,८२० मिलिमीटर. एनची लांबी ४,६६२ आणि रुंदी १,९१७. रुंदीतील हा जवळपास दहा सेंटिमीटरांचा फरक महामार्गावर जाणवत नाही. राम आळीत बाजाराच्या वेळी समोरून टेम्पो आला की तो जाणवतो, आणि जुन्या घराच्या अंगणात गडग्यांमधून गाडी वळवताना रोज जाणवतो. गाडी पाहायला गेल्यावर विक्रेत्याला ती एकदा घरी आणायला सांगावी आणि फाटकातून आत घेऊन पाहावी. पुष्कळ प्रश्न तेथेच निकालात निघतात.

दुसरी गोष्ट मागच्या आसनांची. क्लासिकच्या व जुन्या गाड्यांच्या काही प्रकारांत मागे समोरासमोर आडवी बाके आहेत. मुले तेथे आनंदाने बसतात, परंतु अपघातात आडव्या बाकावरील मुलाला पुढील आसनासारखे संरक्षण मिळत नाही. एनची तिसरी रांग पुढे तोंड करून आहे; मात्र ती उभी केली की मागे सामानाला जागा उरते ती दोन-चार हातपिशव्यांपुरती. सात माणसे आणि आंब्याच्या चार पेट्या एकाच वेळी न्यायच्या असतील, तर एन ते काम करत नाही. कुंभोजगिरीच्या किंवा बाहुबलीच्या यात्रेला शुद्ध पाण्याची भांडी, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचे डबे आणि बिछाने घेऊन निघणाऱ्या कुटुंबाने हे आधीच जाणावे. टपावरील कॅरिअर हा उपाय आहे, पण आंबा घाटाच्या वळणांवर उंच गाडीच्या टपावर भार टाकणे शहाणपणाचे नाही.

उंचीचा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांचा आहे. दोन्ही गाड्या शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर उभ्या असल्याने त्यांची तळजमीन उंच. गुडघे दुखणाऱ्या आजींना रोज देरासरात जाताना चढउतार करावी लागणार असेल, तर खरेदीच्या दिवशी सर्वांत आधी त्यांनाच गाडीत बसवून पाहावे. त्यांना जमले नाही, तर बाकीची चर्चा तेथेच संपते. क्रेटासारखी बुटकी गाडी किंवा टोयोटा इनोव्हा अधिक योग्य ठरते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र दोन्ही पिढ्यांमध्ये केवळ उन्नीस-बीसचा फरक नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेने मे २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची धडक चाचणी केली, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला त्याच संस्थेकडून प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. मधल्या काळात कायदाही बदलला. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आणि पुढील दोन्ही एअरबॅग २०२१ पासून. म्हणून वापरलेली गाडी घेताना वर्षाइतकाच तिचा प्रकार पाहावा. २०१६-१७ मधील स्वस्त प्रकार कितीही कमी किमतीला मिळाला, तरी मुलांना घेऊन घाट उतरण्यासाठी तो घेऊ नये. येथे काटकसरीचा युक्तिवाद लागू पडत नाही.

आता इंजिनाकडे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक आले आणि डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसू लागली. ही गाळणी स्वच्छ राहण्यासाठी अधूनमधून गाडी बराच वेळ एका वेगाने पळावी लागते. त्या उष्णतेने साचलेली काजळी जळून जाते. मांडवीहून दुकान, दुकानातून बँक, संध्याकाळी पुन्हा घर, असा चार-पाच किलोमीटरचाच फेरा रोज असेल तर ती उष्णता निर्माणच होत नाही. गाळणी चोंदते, दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केल्यास बदलण्याचा खर्च मोठा येतो. असे कुटुंब डिझेल घेणारच असेल, तर आठवड्यातून एकदा हातखंब्यापलीकडे महामार्गावर अर्धा तास गाडी नेण्याची शिस्त हवी. अन्यथा एनचे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन अधिक निर्वेध. ते पेट्रोल अधिक पिते हे खरे, पण वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हा फरक फार होत नाही. ज्यांची आठवड्याला कोल्हापूरची खेप असते, सुमारे १३० किलोमीटर जाणे आणि तितकेच येणे, त्यांनी डिझेलच घ्यावे. क्लासिकच्या डिझेलची १३० अश्वशक्ती त्या घाटाला पुरते. एनच्या वरच्या प्रकारांची १७२ अश्वशक्ती भरल्या गाडीला ओव्हरटेक करताना उपयोगी पडते.

मांडवीची खरी अडचण वेगळीच आहे. समुद्र इतका जवळ की पावसाळ्यात काचेवर खारट थर बसतो. मीठ आणि दमट हवा मिळून पत्र्याला आणि सांगाड्याला गंज चढवतात, आणि तो वरून दिसत नाही. एमएच-०८ पासिंगची वापरलेली गाडी घेताना ती लिफ्टवर चढवूनच पाहावी. सांगाड्याचे जोड, सायलेन्सरचे टोक, ब्रेकच्या नळ्या, दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या ही गंजाची आवडती ठिकाणे. तळाला नुकताच काळा रंग मारलेला असेल, तर तो काय झाकण्यासाठी मारला हे विचारावे. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलके टोचून पाहण्यात संकोच बाळगू नये. नवी गाडी घेणाऱ्यानेही पहिल्या पावसाआधी तळाला गंजरोधक थर द्यावा आणि किनाऱ्याजवळ फिरून आल्यावर तळ गोड्या पाण्याने धुवावा.

म्हणूनच पुष्कळ रत्नागिरीकर ‘घाटावरची गाडी’ शोधतात. एमएच-०९ किंवा एमएच-१० ची गाडी कोरड्या हवेत राहिलेली, गंज कमी, ही समजूत बरीचशी खरी आहे. पण तेथे दुसरा धोका दडलेला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेले. त्याच जुलैच्या २२ तारखेला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. त्या पुरांत सापडलेल्या मोटारी सगळ्याच भंगारात गेल्या असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. धुऊन, पुसून, सुगंधी फवारा मारून अशी गाडी दूरच्या गावी विकणे कठीण नाही. तिचे दुखणे पुढे दोन-तीन वर्षे चालते. वायरिंगच्या जोडांना हिरवा थर चढतो, सेन्सर अकारण बंद पडतात, आणि एअरबॅग नेमक्या क्षणी उघडेल याची शाश्वती राहत नाही.

पुराची गाडी ओळखण्यास यंत्र लागत नाही. पायाखालचा गालिचा एका कोपऱ्यातून उचलून खाली वाळलेला गाळ दिसतो का ते पाहावे. आसनांचे रूळ आणि त्यांचे बोल्ट गंजलेले असतील, तर केबिनमध्ये पाणी शिरले होते असे समजावे, कारण एरवी ते भाग कोरडेच राहतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. त्याच्या आतल्या टोकाला मातकट रेघ असल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. काचा बंद करून दहा मिनिटे उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे दार उघडताच येणारा कुबट वास अत्तराने लपत नाही. याशिवाय विमा कंपनीकडे पूर्वी कोणते दावे झाले आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये काय कामे झाली, यांचा कागद मागावा. कागद देण्यास टाळाटाळ झाली तर त्यातच उत्तर मिळाले.

किंमत ठरवताना २२ सप्टेंबर २०२५ ही तारीख ध्यानात ठेवावी. त्या दिवसापासून मोठ्या एसयूव्हींवरील जीएसटी आणि उपकर मिळून असलेला सुमारे ५० टक्क्यांपर्यंतचा भार जाऊन सरसकट ४० टक्के कर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. त्यापूर्वी गाडी घेतलेला विक्रेता अजूनही आपली जुनी खरेदी किंमत सांगून भाव मागतो. त्याला आजची नवी किंमत दाखवावी आणि तेथून खाली यावे. एनच्या बाबतीत हे अधिकच लागू. ३० जुलै २०२२ रोजी अर्ध्या तासाच्या आत एक लाख गाड्यांची नोंदणी झाली होती आणि पुढे प्रतीक्षा इतकी लांबली की वापरलेल्या गाडीलाही नव्याच्या जवळचा भाव मिळे. तो काळ सरला आहे.

बोलणीत आधार म्हणून विम्याच्या घसाऱ्याचे कोष्टक उपयोगी पडते. नोंदलेल्या मूल्यातून दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरली जाते. बाजारभाव याहून वर असू शकतो, परंतु फरक फार असेल तर विक्रेत्याने त्याचे कारण सांगावे. नो-क्लेम बोनस हा गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्या कुटुंबाने तो नव्या पॉलिसीवर घ्यायला विसरू नये. पन्नास टक्क्यांपर्यंतचा हा लाभ अनेकजण निव्वळ अज्ञानाने सोडून देतात.

व्यापाऱ्यांत एक गैरसमज फार पसरलेला आहे: गाडी पेढीच्या नावे घेतली की जीएसटी वळता करून मिळतो. तेरा किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी वाहनावरील इनपुट टॅक्स क्रेडिट कायद्यानेच रोखलेले आहे. प्रवासी वाहतूक, वाहन विक्री किंवा वाहन प्रशिक्षण हाच धंदा असेल तरच सवलत. आयकरात मात्र धंद्यासाठी वापरलेल्या गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, घरगुती वापराचा हिस्सा वजा करून. येथे तिथीचा एक खेळ आहे. आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांहून कमी वापरली गेली तर घसारा निम्माच मिळतो. म्हणजे ऑक्टोबरचे पहिले तीन दिवस उलटल्यावर, दिवाळीच्या पाडव्याला पूजा करून आणलेली गाडी पहिल्या वर्षी अर्धाच घसारा देते. मुहूर्त सोडावा असे कोणी म्हणणार नाही, पण हिशेबनिसाला आधी विचारलेले बरे. कंपनीच्या नावाने नोंदणी केल्यास महाराष्ट्रात एकरकमी वाहन कर बराच अधिक बसतो, हेही त्याच हिशेबात धरावे. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता जो एक टक्का टीसीएस घेतो, तो विवरणपत्रात वजा मागता येतो.

आसनांविषयी एक प्रश्न जैन कुटुंबांनी लेखी विचारावा. वरच्या प्रकारांतील आसनांना ‘लेदरेट’ म्हणतात तेव्हा ते कृत्रिम असते. परंतु स्टीअरिंगचे आणि गिअरच्या दांड्याचे वेष्टण काही गाड्यांत खऱ्या चामड्याचे असते, आणि वापरलेल्या गाडीत पूर्वीच्या मालकाने कोणती आवरणे घातली ते सांगता येत नाही. कापडी आसनांचा खालचा प्रकार घेतल्यास हा प्रश्न उरत नाही, शिवाय कोकणच्या दमटपणात कापड अधिक सुखद.

राहिले कागद. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. डिसेंबरात बनून जानेवारीत नोंदलेली गाडी एका वर्षाने नवी म्हणून विकली जाते, ते तेथे पकडता येते. बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३०, थकलेली चलने आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला लागलेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट तपासावी.

आणि जे कुटुंब आपली जुनी स्कॉर्पिओ विकते आहे, त्याने किल्ली देऊन पैसे मोजले म्हणजे काम झाले असे धरू नये. विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी कितीही हातांतून पुढे गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागितली जाऊ शकते. ओळखीच्या दलालाने ‘नंतर नावावर करतो’ म्हटले, तरी नाव बदलल्याची नवी आरसी डोळ्यांनी पाहीपर्यंत ठरलेल्या रकमेतील काही भाग मागे ठेवण्याची बोली आधीच करावी, किंवा दोघांनी मिळून एकाच दिवशी आरटीओत जावे.