गाळा घेण्यापूर्वी सी.सी. पाहा

मुंबईत नव्या इमारतीत गाळा घेताना आपले व्यापारी बंधू बिल्डरला एकच प्रश्न विचारतात, "पालिकेची परवानगी आहे ना?" बिल्डर आय.ओ.डी.चा कागद पुढे करतो, त्यावर शिक्का दिसतो आणि बयाणा दिला जातो. २०११ साली आम्हीही असाच दिला. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, इंग्रजी कागदाची सवय नाही. पुढे भाच्याने वाचून दाखवले तेव्हा कळले की, आय.ओ.डी. म्हणजे 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', अर्थात नामंजुरीची सूचना!

या विचित्र नावाचे मूळ १८८८ च्या पालिका कायद्यात आहे. आर्किटेक्ट कलम ३३७ खाली बांधकामाची नोटीस देतो. पालिका कलम ३४६ खाली कळवते की, नकाशा आहे तसा नामंजूर. मात्र अमुक अमुक अटी पुऱ्या केल्यास हरकत नाही. अटींची यादी लांबलचक असते. तेवढ्या कागदावर एक वीटही लावता येत नाही.

वीट लावण्याची खरी परवानगी म्हणजे सी.सी., बांधकाम सुरू करण्याचा दाखला. ती १९६६ च्या नगररचना कायद्याखाली मिळते आणि तीही एकदम साऱ्या इमारतीची नव्हे. बहुधा आधी जोत्यापर्यंत, मग जोते तपासून पुढच्या मजल्यांची. आमचा गाळा चौथ्या मजल्यावर आणि सी.सी. जोत्यापुरती! चौथा मजला नकाशात होता, परवानगीत नव्हता. रक्कम परत मिळेपर्यंत तीन वर्षे गेली. भांडवल अडकल्याने ईदचा माल उधारीवर भरावा लागला, आणि उधारीचा भाव काय असतो हे कापडवाल्यांना सांगायला नको.

म्हणून "सी.सी. कितव्या मजल्यापर्यंत आहे?" असेच विचारावे व तिच्यावरचे पुढील मजल्यांचे शेरे जाणकाराकडून वाचून घ्यावेत. २०१७ पासून महारेराची सोय झाली आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या परवानग्या तेथे पाहता येतात, आणि नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. व्यवहार लिहून घेण्याचा हुकूम आपल्याला दीनमध्ये आहेच. तरी ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला आपल्याला संकोच वाटतो.

ताब्याच्या वेळी ओ.सी. मागावी. कलम ३५३ अ प्रमाणे तिच्याशिवाय इमारत वापरता येत नाही. चावी मात्र पुष्कळदा तिच्या आधीच हातात ठेवली जाते.